सुट्या भागांचे दाजी

माझ्या दाजींनी आयुष्यात एकही वस्तू अख्खी विकत घेतली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. लोक दुकानात जातात आणि सायकल घेऊन येतात. दाजींनी सायकल जमवली. सांगाडा एका निवृत्त पोस्टमनकडून, चाकं लक्ष्मीपुरीतल्या भंगारवाल्याकडून, सीट कुणाच्या तरी मोडक्या लेडीज सायकलीची आणि घंटी गाडीवरच्या आइस्क्रीमवाल्याची. ते रस्त्यानं घंटी वाजवत निघाले की गल्लीतली पोरं पैसे मागायला घरात पळायची. अख्ख्या वस्तूत दुकानदार आपल्याला नको असलेले भाग गळ्यात मारतो, असं त्यांचं ठाम मत होतं. गणपतीची मूर्ती ते एका कुंभाराकडून घेत आणि उंदीर दुसऱ्याकडून, कारण दुसऱ्याचा उंदीर स्वस्त पडायचा. एका वर्षी तो उंदीर एवढा थोराड निघाला की देवच त्याच्याकडं पाहून अंग चोरून बसल्यासारखा दिसू लागला. "बघा की पावणं," दाजी मला म्हणाले, "तेवढ्याच पैशात केवढा आला!" मी त्यांचा धाकटा मेव्हणा, त्यामुळं ते मला कायम 'पावणं'च म्हणत, मी त्यांच्या घरी रोज जेवत असे तेव्हासुद्धा.

त्यांच्या लग्नाची गोष्ट तर आमच्याकडं अजून सांगितली जाते. पूर्ण बँड परवडत नव्हता असं नाही, पण पूर्ण बँडमध्ये एक माणूस नुसता झुलत्या पिसांची टोपी घालून पुढं चालतो आणि त्याचेही पैसे लागतात, हे दाजींना कळलं होतं. त्यांनी ताशे एका बँडचे सांगितले आणि क्लॅरिनेट दुसऱ्या बँडची. दोघांची ओळख थेट वरातीतच झाली. ताशेवाले लेझमीचा ठेका धरत होते आणि क्लॅरिनेटवाले मुलगी सासरी जातानाचं रडवं काहीतरी वाजवत होते. निम्मी वरात नाचत होती, निम्मी डोळे पुसत होती आणि मध्ये घोड्यावर बसलेले दाजी वाचलेल्या पैशांच्या आनंदात दोन्हीकडं हात जोडत होते.

तर असे हे दाजी. मंगळवार पेठेत त्यांचं घर होतं आणि घराच्या पुढच्या सोप्यात त्यांचा टायपिंगचा क्लास. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथं टायपरायटर खडखडत असायचे. हे सगळे टायपरायटरही अर्थातच जुळवलेले. एकाचा रूळ दुसऱ्याला, दुसऱ्याची अक्षरं तिसऱ्याला. पण शिकवण्यात काटकसर नव्हती. कोल्हापुरातल्या किती कचेऱ्यांतले कारकून दाजींच्या हाताखालून गेले होते याची गणतीच नाही. पाठीत बाक आला की ते मागून येऊन पट्टी उभी धरत. बोटांकडं बघून टाईप करणाऱ्याच्या हातावर रुमाल टाकत.

आणि मग, ऐंशीचं दशक संपत आलं असताना, समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कंप्युटरचा क्लास निघाला. काचेचा दरवाजा, थंड हवेचं यंत्र, बाहेर चपला काढून आत जायचं. क्लास काढणाऱ्या कांबळे बाई एकेकाळी दाजींकडंच टायपिंग शिकलेल्या. शाळेत असताना त्या दाजींच्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसायच्या, मग पॉलिटेक्निकला गेल्या, पुण्यात नोकरी केली आणि परत येऊन त्यांनी हा क्लास घातला. उद्घाटनाच्या दिवशी त्या पेढे घेऊन दाजींच्या पाया पडायला आल्या. दाजींनी आशीर्वाद दिला, पेढे घेतले आणि त्या रस्त्यापलीकडं गेल्यावर त्या बाजूची खिडकी लावून टाकली. ती पुढं वर्षभर उघडली नाही.

त्या वर्षभरात दाजींच्या सोप्यातला खडखडाट विरळ होत गेला. आधी संध्याकाळची तुकडी आटली, मग दुपारची. पोरं समोर चपला काढताना दिसायची. आक्काचं सगळं घर त्या सोप्यावर चालत होतं. ती काही बोलायची नाही, पण पाहुणा आला की चहात दूध जपून घालायला लागली, ते माझ्या लक्षात आलं. एके दिवशी तिनंच विषय काढला. "अवं, शिरोलीच्या एमआयडीसीत हिशेबनीस पायजे म्हणत्यात. बघता का?"

दाजींनी पान लावता लावता मान वर केली. "बघायचं काय त्यात? कंप्युटर घ्यायचा आपण."

आक्काच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "घ्यायचा?"

"घ्यायचा म्हंजे जमवायचा!"

त्या काळात अख्खा कंप्युटर घेणं म्हणजे राजारामपुरीत जागा घेण्यासारखं होतं. पण दाजींना कुठूनसं कळलं होतं की तो सुट्या भागांचा बनतो, आणि ते भाग मुंबईत ग्रँट रोडजवळच्या गल्ल्यांत वेगवेगळे मिळतात. हे कळल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज आलं होतं. जणू जगानं उशिरा का होईना, त्यांचं म्हणणं मान्य केलं होतं. त्यांनी एक सोडून सगळे टायपरायटर विकायला काढले. टेंपो आला त्या दिवशी आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. दाजी मात्र प्रत्येक मशीन उचलून देताना विकत घेणाऱ्याला त्याच्या खोडी सांगत होते, लेकीला सासरी धाडताना सांगावं तसं. मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेंटरकडून त्यांनी फलक रंगवून आणला: 'पाडव्यापासून कंप्युटर क्लास सुरू'. मी म्हटलं, "दाजी, आधी कंप्युटर तर होऊ दे." ते म्हणाले, "फलक लावल्याबिगर हात चालत न्हाईत, पावणं."

मुंबईला मला बरोबर नेलं, कारण इंग्रजी पुस्तिका वाचायला कुणीतरी हवं होतं आणि पैशाची पिशवी शर्टाच्या आत बांधायला दुसरं पोट हवं होतं. तिथं दाजींनी जे केलं ते मी आजवर कुणाला बाजारात करताना पाहिलेलं नाही. प्रत्येक दुकानात ते एकच प्रश्न विचारत: "ह्यातलं काय बिघडलं तर सगळंच जातंय?" दुकानदार चक्रावायचा, पण उत्तर द्यायचा. अशा सगळ्यांची उत्तरं गोळा करून दाजींनी आपलं धोरण ठरवलं. मुख्य हिरवा बोर्ड नवा कोरा, कारण ते डोकं. स्मरणशक्तीच्या चिपा निम्म्या एका दुकानातून, निम्म्या दुसऱ्या. हार्ड डिस्क अजिबात नाही. तिची किंमत ऐकून ते दुकानाच्या पायरीवरच खाली बसले. त्याऐवजी फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह, तेही वापरलेले, कानाशी धरून आणि हातानं फिरवून पारखलेले. पडदा एका बंद पडलेल्या कचेरीतला, नारिंगी अक्षरांचा.

कीबोर्ड मात्र त्यांनी एकामागून एक बाजूला सारले. डोळे मिटायचे, दहा बोटं टेकवायची, काउंटरवर न जोडलेल्या कीबोर्डवर भराभर काहीतरी टाईप करायचं आणि "ह्यो न्हाय" म्हणायचं. दुकानदारानं कंटाळून शेवटी आतून एक काढला. जड होता, कळा खोल होत्या. दाजींची बोटं त्यावर चालली आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. दुकानदारानं किंमत सांगितली. ती त्या दिवसातली सगळ्यात मोठी अडवणूक होती. दोन स्क्रूंसाठी भांडणाऱ्या माझ्या दाजींनी घासाघीस न करता मला शर्ट वर करायला लावलं.

"दाजी!" मी कुजबुजलो.

"पोरं बोटं कुठं टेकणार?" ते म्हणाले. "तितं काटकसर न्हाय करायची."

त्याची भरपाई त्यांनी डब्यावर केली. सगळे भाग ज्यात बसवायचे तो पत्र्याचा डबा घ्यायला ते तयारच नव्हते. "पत्र्याच्या डब्याला एवढं पैसं? आमच्या कोल्हापुरात उस्मानभाई पेट्या करतोय, फुलासकट." दुकानदार म्हणाला, "साहेब, डब्याबरोबर स्क्रू, प्लास्टिकचे पाय, सगळं सामान येतं." दाजी माझ्याकडं बघून हसले. बघा, म्हणजे आलंच की नको असलेलं गळ्यात.

आम्ही पडदा आक्काच्या वाकळेत गुंडाळून आणला. उस्मानभाई दाजींचे जुने दोस्त. नवरीच्या सामानाच्या पेट्या करणारा त्यांच्यासारखा कारागीर त्या पेठेत नव्हता. त्यांनी दाजींनी सांगितलेल्या मापाची पेटी केली. हवेसाठी मागं जाळी पाडली, दोन्ही बाजूंना कड्या, पुढं कोयंडा, आणि सवयीनं झाकणावर एक भला मोठा गुलाब. "उस्मानभाई, ह्यो कंप्युटर हाय," मी म्हटलं. ते म्हणाले, "हाय की. पण घरात येतोय तर सजून यावा."

पाडवा अगदी तोंडावर आला होता. क्लाससाठी नावं नोंदवलेली पोरं आणि त्यांचे वडील पाडव्याला सकाळी बघायला येणार होते. बघितल्यावरच फी देणार होते. सोप्यात जमिनीवर वाकळ पसरून आम्ही बसलो. मी पुस्तिका वाचायची, दाजींनी बसवायचं. बोर्ड पेटीच्या तळाशी स्क्रूनं आवळला, चिपा दाबल्या, तारा जोडल्या. आक्कानं हळद-कुंकू लावलं. दाजींनी हात जोडून बटण दाबलं.

आतला पंखा एकदा थरथरला आणि थांबला.

परत दाबलं. पुन्हा तेच. पडदा काळाच. दाजींनी सगळ्या तारा काढून परत जोडल्या. चिपांच्या जागा बदलल्या. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... आणि मग एक वास आला. फार नाही; इस्त्री कापडावर जरा जास्त वेळ राहिल्यासारखा. आक्का दारातून म्हणाली, "अवं, बंद करा म्हंते मी. जळतंय कायतरी."

दाजींनी प्लग उपटला आणि तो हातात तसाच धरून बसले. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. त्यांच्या सगळ्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. सायकल अडली तर डोळ्यांनी दिसतं की चेन पडलीय. इथं नऊ दुकानांतून आणलेले भाग होते, आणि त्यातला कुठला गेलाय हे बदलून बघायला घरात दुसरा एकही भाग नव्हता. बोर्ड जळला असेल तर परत घ्यायला काही उरलं नव्हतं. टायपरायटर तर परत येणार नव्हतेच. शेवटचा एक तेवढा कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी जेवणाला नको म्हटलं. दुपारपर्यंत ते पेटीसमोर नुसते बसून होते. मी म्हटलं, "दाजी, समोर विचारूया का?" त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. आक्का आतून आली, पदराला हात पुसले आणि सरळ त्या बंद खिडकीची कडी काढली. वर्षभराची धूळ खाली पडली. पलीकडं काचेमागं पोरांच्या पाठी दिसल्या. दाजी खूप वेळ बघत राहिले. मग उठले, टोपी घातली, आणि म्हणाले, "चला, पावणं."

रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो? पण त्या दिवशी लागला. जिना चढताना त्यांची पायताणं करकरत होती. वर काचेच्या दाराबाहेर त्यांनी ती काढली आणि पोरांच्या चपलांच्या ओळीत नीट लावून ठेवली. आत थंडी होती. कांबळे बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या. दाजी दारातच उभे राहिले. सगळा वर्ग वळून बघू लागला. त्यात चारदोन पोरं तर दाजींना सोडून इथं आलेली.

"म्याडम," दाजी म्हणाले, आणि त्यांचा नेहमीचा गल्ली दणाणणारा आवाज कुठं गेला कोण जाणे, "जरा येता का? आमची पेटी बोलंना झालीया."

मला वाटलं आता कुणीतरी हसणार. बाईंच्या हातातला खडू थांबला. त्या म्हणाल्या, "सर, मला म्याडम म्हणू नका. बसा." मग त्यांनी वर्गाला लिहायला काहीतरी दिलं, आपल्या टेबलावरच्या कंप्युटरचा डबा उघडला आणि त्यातला वीज पुरवणारा भाग सोडवून काढला. स्वतःच्या चालत्या मशीनमधला. तो हातात घेऊन त्या आमच्याबरोबर जिना उतरल्या.

सोप्यात आल्यावर त्या पेटीवरचा गुलाब बघून क्षणभर थांबल्या. त्यांनी आपला भाग जोडला. बटण दाबलं. पंखा थरथरला आणि थांबला. म्हणजे दाजींचा तो भाग ठीक होता. दोष दुसरीकडंच होता. दाजींचा चेहरा उतरला. "मग डोकंच गेलं म्हणायचं," ते म्हणाले.

बाई पेटीत वाकून बघत होत्या. "सर, बोर्डाच्या खाली काय ठेवलंय?"

"खाली? खाली पेटी हाय की."

"म्हणजे थेट पत्र्यावर आवळलाय?"

बोर्डाच्या पाठीला असंख्य धातूचे टोकदार ठिपके असतात; ते सगळे पत्र्याला टेकले होते आणि वीज वाटेल तिकडून वाटेल तिकडं जात होती. मुंबईच्या दुकानदाराचे ते प्लास्टिकचे पाय याच्यासाठी होते. दाजींनी डोळे मिटून घेतले. बाईंनी स्क्रू काढले आणि बोर्ड उचलून उजेडात धरला. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात तपकिरी डाग पडला होता.

"गेला का?" आक्कानं विचारलं.

"बघूया," बाई म्हणाल्या. "काकू, लाकडाचा पाट आहे का?"

आक्कानं जेवायला बसायचा पाट आणला. त्यावर बोर्ड ठेवला, तारा जोडल्या. आता बटण कुणी दाबायचं? दाजींनी हात मागं घेतला होता. बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. शेवटी आक्काच पुढं झाली, खाली बसली आणि तिनं बटण दाबलं.

पंखा थरथरला. आणि फिरत राहिला. पडदा मात्र काळाच. त्या वेळी रस्त्यावरून गेलेल्या टांग्याचा आवाज मला अजून आठवतो. मग पेटीतून एक बारीक 'टूं' आलं, आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात नारिंगी आकडे चढायला लागले, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखे, सावकाश. एकदा थांबले. दाजींनी माझं मनगट आवळलं. परत चढले. मग कानाशी धरून पारखलेला तो ड्राइव्ह गुरगुरला आणि सरतेशेवटी पडद्यावर एक एकटं अक्षर आणि पुढं लुकलुकणारी रेघ उभी राहिली.

आक्का रडत होती. मीही जरा बाजूला बघत होतो. "सर, लिहा काहीतरी," बाई म्हणाल्या. दाजींनी नुसती मान हलवली. "तू लिही," ते म्हणाले. बाईंनी तो महागाचा कीबोर्ड मांडीवर घेतला आणि भराभर टाईप करू लागल्या. पडद्यावर अक्षरं उमटत होती, पण दाजी पडद्याकडं बघतच नव्हते. ते बाईंच्या हातांकडं बघत होते.

"मनगट," ते एकदम म्हणाले. "मनगट खाली पडतंय, कांबळे."

बाईंनी झटकन मनगट उचललं. "हो, सर."

आक्काच्या शिवणाच्या डब्यातली कोटाची जाड बटणं बोर्डाखाली पायांसारखी बसवली आणि पाडव्याला पेटी चालू झाली. मोठा विजय वगैरे झाला असं मी सांगणार नाही. वडील मंडळी आली, गुलाब बघितला, कोयंडा बघितला आणि बरीचशी रस्ता ओलांडून समोर गेली. दाजींकडं मूठभर पोरं राहिली. पण पुढच्या आठवड्यात कांबळे बाईंनी आपल्या वर्गात सांगून टाकलं की ज्याला कीबोर्डकडं न बघता लिहिता येत नाही, त्यानं आधी समोर जाऊन शिकून यायचं. त्यांची पोरं पाळीपाळीनं इकडं येऊ लागली. दाजी पुन्हा मागं पट्टी धरून उभे राहू लागले. खिडकी उघडीच राहिली. घर चाललं, मोठं नाही, पण चाललं.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. कंप्युटरच्या कळांना तसा आवाज नसतो. लग्न होऊन आल्यापासून आक्का रोज दुपारी सोप्यातल्या खडखडाटात झोपत आली होती, आणि आता घर इतकं शांत झालं होतं की तिचा डोळाच लागेना. ती कूस बदलत पडायची. दाजींना ती सांगायची नाही; मला मात्र एकदा म्हणाली होती, "पाऊस थांबल्यावर कशी जाग येती बघ, तसं होतंय रं."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी एका दुपारी त्यांच्याकडं गेलो. क्लास सुटला होता. गल्लीतूनच मला टायपरायटरचा खडखडाट ऐकू आला आणि मी चक्रावलो. आत डोकावलो तर दाजी राहिलेल्या एकुलत्या एका मशीनसमोर पाठ ताठ करून बसले होते. दहाही बोटं धावत होती. रुळावर कागद नव्हता. मी काही विचारायला तोंड उघडलं तसं त्यांनी एक हात न थांबवता दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू, पावणं," ते पुटपुटले. "आत्ताच झोपलीया."